माझा अंगठा आणि मेंदूचं खोड

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण सध्या पोटावर पडायची हिंमत होत नाही, म्हणून उभ्यानेच करतो. गोड मानून घ्यावा. आपली तब्येत ठणठणीत असेलच. (ताई म्हणते, आपल्याला काही होत नाही, जे होतं ते तिलाच होतं.) आमच्या हिला अजून जिना चढताना दम लागतो. धाकटीच्या वेळी काय झालं, ते आपण दवाखान्याच्या बाकावर बसून पाहिलंच आहे. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं की तिसरं मूल नको, आणि हिच्या हृदयाची झडप बघता शस्त्रक्रियेसाठी हिला भूल देणंही धोक्याचं. तेव्हा नसबंदी नवऱ्याने करून घ्यावी. मी छाती पुढे काढून हो म्हणालो. (हो म्हणताना काही कापत नाहीत.) तेव्हापासून ही निर्धास्त आहे.

आता आपण म्हणाल, त्यात काय एवढं, मी सकाळी करून घेतली आणि दुसऱ्या आठवड्यात सायकल चालवली. खरं आहे. पण भाऊजी, आपण कापडदुकानात होता. मी प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळतो, आणि आमच्या मॅडमचा जन्माचा विषय काय, तर जननेंद्रियांकडून निघालेली खबर मेंदूच्या खोडात पोचल्यावर तिथे काय होतं. (आमचं लग्न ठरवताना आपण नुसतं ‘विजेचं काम’ सांगितलंत, ते फार बरं केलंत.) उंदराला भूल द्यायची, मणका संपून मेंदू सुरू होतो तिथल्या, म्हणजे या खोडातल्या, एका पेशीशेजारी केसाहून बारीक तार बसवायची, आणि ती माझ्या स्पीकरला जोडायची. पेशी बोलली की स्पीकर टक् करतो. मिशांना हात लावा, गप्प. पाठ खाजवा, एखादं टक्. आणि वृषण चिमटीत जरासं दाबा, की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतडाट! उंदीर मात्र गाढ झोपलेला. म्हणजे मालक घोरतोय आणि पहारेकरी टक्क जागा. शिवाय त्याच पेशीकडे पोटाच्याही खबरा येतात. म्हणून तर, मॅडम सांगतात, मार खाली बसतो आणि मळमळतं वर. खबर नेहमी मणक्यातून वर जाते, पण मादीच्या गर्भाशयापासून मणक्याला वळसा घालून थेट खोडात जाणारी आणखी एक चोरवाट आहे. ती नरातही आहे का, असं मी सहज विचारलं. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, “खात्रीने नाही सांगता येणार.” त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

तरी ठरल्या दिवशी गेलो. सर्जनना नम्रपणे विचारलं की सुई टोचून आपण मोठा रस्ता बंद कराल, पण चोरवाटेवर कोण उभं राहणार? ते म्हणाले, “आडवे व्हा.” झालो. आता आमच्याकडे असा नियम आहे की कात्री लावण्याआधी उंदराच्या पायाचं बोट चिमटीत धरून बघायचं. पाय मागे घेतला, तर भूल चढलेली नाही, हात लावायचा नाही. हे काम माझंच. (उंदरांची अजून तक्रार नाही.) तर नर्सबाईंनी चादर सारखी करताना माझा अंगठा धरला, आणि मला वाटलं, तपासताहेत! हललो नाही तर हे चिरणार, या भीतीने मी जीव खाऊन पाय ओढला आणि ‘अजून चढली नाही हो!’ असं ओरडलो. मला झोपवणार नव्हतेच, नुसती जागा बधिर करणार होते, हे आधी समजावून झालं होतं. पण त्या वेळी आठवतंय कुणाला? ओढलेला पाय परत सरळ होताना हत्यारांचा ट्रे घेऊन गेला. सर्जन बुटावर पडलेल्या कात्रीकडे बघत म्हणाले, “गुरुवारी या. आणि येताना घरातलं कोणीतरी जाणतं माणूस आणा.”

ताईला नमस्कार, मुलांना गोड पापा.

आपला,
घाबरट मेहुणा

ता. क. : जाणतं माणूस म्हणजे आपण. बुधवारीच या. काम एवढंच, माझे दोन्ही पाय घट्ट धरून बसायचं. हिच्याकडे मात्र अवाक्षर काढू नका. हिला मी ‘झालं’ म्हणून सांगितलंय आणि तेव्हापासून घरात पाय फाकून चालतोय. ही रोज गरम दूध आणून देते.

ता. क. २ : पाकीट शोधायला कपाट उघडलं, तर मागे हिची पिशवी भरलेली. गाऊन, टॉवेल, हृदयाच्या गोळ्या. विचारलं, तर चादरीची घडी घालत ही म्हणाली, “टाके पडलेला माणूस दोन-दोन पायऱ्या उतरत नाही. तुमच्याने नाही व्हायचं ते, कळलंय मला. मंगळवारी मीच जातेय. डॉक्टर नको म्हणत होत्या, मी सही देते म्हटलं. पोरींना ताईंकडे ठेवा.” रागावलीसुद्धा नाही, भाऊजी. त्या झडपेवर भूल! आजवर मी ज्याला भीती म्हणत होतो, ती काहीच नव्हती. आपण गुरुवारसाठी येऊ नका. सर्जन आज पाचपर्यंत बसतात, मी आत्ताच निघालोय, हे पत्र वाटेत पेटीत टाकतो. पाय बांधायला दोरी बरोबर घेतली आहे.