तिसऱ्या सेन्सरचा आकडा

पप्पा, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तुम्ही लेथवर कातून घेतलेला तो स्टीलचा डबा, ज्यावर प्रेशर गेज बसवला होता, त्याच्याबद्दलच आहे.

आठवतं ना, गास गावातलं आपलं स्वयंपाकघर. उद्या मला बोटीवरून बुडी मारायची आहे आणि पाठीवरचं यंत्र टेबलावर उघडं पडलंय. सोडलेला श्वास गाळून, त्यात ऑक्सिजन मिसळून ते परत देतं. ऑक्सिजन किती आहे ते तीन सेन्सर सांगतात. जास्त झाला तर पाण्यातच झटके येतात. तुम्ही गॅस बंद केलात, येशूच्या तसबिरीपुढचा दिवा विझवलात, बोंबील तळणाऱ्या आईला साबणाने हात धुवायला लावलेत. ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही, तेलही नाही. "देवाला अंधारात ठेवा आणि पोराला पाण्यात," आई म्हणाली.

उघड्यावर शुद्ध ऑक्सिजन सोडला तेव्हा तिघांचे आकडे बरोबर आले. मग सेन्सर तुमच्या डब्यात ठेवून, झाकण घट्ट लावून तुम्ही ऑक्सिजनचा दाब वाढवलात. आकडेही चढायला हवे होते. तिसऱ्याचा चढत गेला. पहिले दोन मध्येच अडकले.

"तिसरा बिघडलाय," मी म्हणालो. "दोघांचं जुळलं की यंत्र त्यांचंच ऐकतं."

"दोघं एकाच दिवशी घेतलेले, एकदमच म्हातारे झाले. आमच्या युनियनमध्ये असेच ठराव पास व्हायचे." मग तुमचं हसू गेलं. "हे घेऊन उतरायचं नाही."

नवे यायला आठवडा लागला असता, आणि त्या बुडीवर माझी नोकरी कायम होणार होती. तुम्ही केळींना पाणी सोडायला गेलात. मी तेच दोन परत बसवले.

दुसऱ्या दिवशी पाण्याखाली तसंच झालं. दोघं ऑक्सिजन कमी दाखवत होते, यंत्र आणखी ओतत होतं, तिसऱ्याचा आकडा चढतच होता. माझा ओठ आपोआप फडफडायला लागला, झटक्यांआधीची खूण. यंत्राची नळी तोंडातून काढली आणि बाजूच्या साध्या टाकीवर श्वास घेत वर आलो.

संध्याकाळी तुम्ही दारातच विचारलंत, "नवे मिळाले?"

"कंपनीनेच दिले," मी म्हणालो. तुम्ही आईला पानं घ्यायला सांगितलंत.

आता मी नवशिक्यांना शिकवतो. तुमचा डबा मांडतो, आधी हात धुवायला लावतो आणि हीच गोष्ट सांगतो. फक्त तिच्यात वडील नाही म्हणतात आणि मुलगा उतरत नाही. हे पत्र घडी करून डब्याशेजारी ठेवतोय. उद्याच्या वर्गातही बहुतेक तसंच सांगेन.