बाहीवरचं बटण

३ मार्च

चार हजार सह्या! वॉर्ड ऑफिसवाले समोरचा दवाखाना पाडून तिथे गाड्या लावायची सोय करणार म्हणे. सासूबाईंना दम लागला की मी त्यांना हाताला धरून तिथेच नेते. तो गेला तर कुठे नेऊ? म्हणून इंटरनेटवर 'दवाखाना वाचवा' हे पान काढलं. कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांची नोकरी वॉर्ड ऑफिसात, अजून कायम नाही. माझं नाव कळलं तर ह्यांना घरी बसवतील. पानावर मी नुसती 'एक बाई'.

५ मार्च

कपाळ माझं! साहेबांनी ह्यांना नवं काम दिलंय — खोट्या नावानं त्या पानावर वाईटसाईट लिहायचं. ह्यांचं नाव 'सरळमार्गी'.

संध्याकाळी दोघं पलंगावर. ह्यांनी लिहिलं, "या बाईला घरात कामं नाहीत का?" मी लिहिलं, "आहेत की. तुमच्यासारख्यांची उष्टी काढायची." ह्यांचा फोन वाजला. वाचून खो खो हसले. "जाम तिखट आहे गं ही!"

हसू की रडू कळेना. चहा टाकायला उठले.

९ मार्च

आज दवाखान्यापाशी जमायचं होतं. शेकड्यांनी 'येतो' म्हणून कळवलं. आले सात! नर्सबाईंनी खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांनीच एकटीनं परत आत नेल्या. फार राग आला लोकांचा. पण मी तरी कुठे होते? खिडकीत, पडद्याआड!

तिथूनच फोटो काढला आणि पानावर टाकला.

१० मार्च

घात झाला. फोटोच्या कोपऱ्यात आमची कपड्यांची दोरी आलीय. दोरीवर ह्यांचा ऑफिसचा निळा शर्ट. मी बघितलंच नाही! फोटो काढून टाकला, पण तोवर साहेबांच्या हाती लागला होता.

हे सांगत होते — "आपल्या वसाहतीत ऑफिसातले पाच जण. त्यांच्यातलाच कुणीतरी. फोटोतल्या शर्टाच्या बाहीला काळं बटण आहे, बाकी पांढरी. साहेब सोमवारी सगळ्यांच्या बाह्या बघणार आहेत."

काळं बटण मीच लावलंय. पांढरं सापडेना म्हणून, घाईघाईत. ह्यांचं लक्ष असतं कुठे? ताटात काय वाढलंय तेही बघत नाहीत. आणि शर्ट इस्त्रीला गेलाय.

ह्यांना सांगून टाकू? पान बंद करायला लावतील. सासूबाईंचा दम ऐकत बसू मग? नाही सांगितलं तर सोमवारी नोकरी गेली. बोलायचीही चोरी, गप्प बसायचीही चोरी. जीव नुसता टांगणीला लागलाय.

१२ मार्च

शर्ट आला. पांढरं बटण आणून ठेवलंय. पण हे घरातून हलतील तर शपथ!

१३ मार्च

संध्याकाळी सामान आणायला जावंच लागलं. आले तर हे दारातच उभे. "एवढा वेळ?" म्हणाले.

१४ मार्च, सोमवार

हे अंघोळीला गेले तशी सुईदोरा घेऊन धावले. बाहीला पांढरं बटण होतं! टाके असे, की पोतं शिवलंय. सासूबाई हळूच म्हणाल्या, "काल तू बाहेर गेलीस तेव्हा बसला होता. दोरा मी ओवून दिला. किती वेळा टोचून घेतलंन बोटाला!"

हे तोच शर्ट घालून, डबा घेऊन गेले. मी दारातच उभी.

थोड्या वेळानं पानावर निरोप आला. 'सरळमार्गी'कडून, खासगीत — "बाई, फोटो काढताना दोरीवरचे कपडे आत घेत जा."