पाच बटणांचं यंत्र

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

शी! पुसलेली फरशी अजून वाळली नव्हती तेवढ्यात हे दारात. गुडघ्यापर्यंत चिखल, पँट मागून फाटलेली, बुटांत काय काय अडकलेलं. डोंगरावर धुकं आलं म्हणे आणि वाट चुकली. मोबाइलची बॅटरी फोटो काढण्यात संपली होती. कसले फोटो, तर धुक्याचे.

सोबत यांचा तो मित्र, रिटायर्ड कंपाउंडर. जन्मभर बाटल्यांवर लेबलं चिकटवली, पण डोंगरावरचा एक दगड ओळखता येत नाही. दोघं दुपारभर एकाच दगडाभोवती फिरत होते आणि दर वेळी म्हणत होते, हा नवीन दिसतोय.

लगेच लेकीचा फोन. कंपाउंडरनेच कळवलं. त्या माणसाच्या पोटात औषधसुद्धा राहत नसेल. लेक म्हणाली, बाबा, मोबाइलच्या भरवशावर जाऊ नका, डोंगरात फिरणारे वापरतात तसला हातात धरायचा जीपीएस घ्या. आणि पुन्हा हरवलात तर डोंगर बंद. मी स्वतः येऊन बूट कचऱ्यात टाकीन. यांनी बूट उचलले आणि मोरीत जाऊन धूत बसले. रिटायर झाल्यापासून यांनी आपणहून धुतलेली ही पहिली वस्तू.

मला काय? डोंगर बंद झाला तर साबण वाचेल. पण रविवारी दिवसभर हे घरात, हे काही मला झेपणार नाही. तेव्हा यंत्र घ्यायचं आणि मीच निवडायचं. लेक पैसे पाठवते म्हणाली, मी नको म्हटलं. या घरात कुकरपासून जावयापर्यंत सगळं मी पारखून आणलंय. कुकरच्या शिट्टीचा विषय वेगळा.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

मोठ्या दुकानात जाऊन आले. आत थंडी इतकी की मासळी ठेवावी. टायवाला विक्रेता च्युइंगम चघळत होता, आणि बोलताना ते दातांमागून इकडून तिकडे जाताना दिसत होतं. मी त्याच्या टायकडे बघून बोलले. टायवरही डाग.

त्याने मोबाइलएवढं रंगीत काहीतरी काढलं. बोटाने ढकलायचं, नकाशा फिरतो, हवामान सांगतं, उपग्रहावरून घरी निरोप पाठवतं. म्हटलं निरोप काय पाठवायचाय, चिखल घेऊन येतोय एवढाच ना. तो म्हणाला, मॅडम, निरोपाचं दरमहा शुल्क वेगळं.

दरमहा! आपण कुठे उभे आहोत हे विचारायचे पैसे! उपग्रह वरून बघतात म्हणे. माझा देवही वरूनच बघतो, आणि आजवर बिल पाठवलेलं नाही. किंमत ऐकून तर घशाला कोरड पडली. तेवढ्यात शिलाई मशीन येतं, टेबलासकट.

येताना पाणी मागितलं. ते विकत होतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

धाकट्या जाऊबाईंकडे गेले. फक्त चौकशीला. भावोजींकडे तसलं रंगीत यंत्र आहे. ते कपाटात वरच्या खणात, डब्यात, डब्यावर पिशवी. भावोजी डोंगर चढत नाहीत, जिनाही चढत नाहीत. जाऊबाई म्हणाली, ताई, तुम्हाला कशाला हा ताप, तुम्हाला ते झेपणार नाही हो. वर हसली. दाताला लिपस्टिक लागली होती, मी सांगितलं नाही.

न झेपायला काय झालं? मी मॅट्रिक आहे. अक्षांश-रेखांश मला पाठ होते. नकाशा भरायचा प्रश्न तेवढा सोडला होता, पण तो पेन्सिलीला टोक नव्हतं म्हणून.

ठरलं. यंत्र कसं हवं ते नक्की केलं:
बटणांचं हवं, बोटं ओली असली तरी चालेल असं. बाजारात मिळणाऱ्या साध्या पेन्सिल सेलवर चालणारं. उन्हात अक्षरं दिसणारं. पडलं तर न फुटणारं. गेलेल्या वाटेने परत आणणारं. आणि स्वस्त. स्वस्त हे आधी लिहायला हवं होतं.

रोज प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं या विषयाचा अभ्यास करायचा असा निश्चय.

१० नोव्हेंबर, सोमवार.

अभ्यासाची गरज पडली नाही. मिळालं!

जुन्या बाजारात सेकंडहँड वस्तूंचं दुकान आहे. मागे गावभरचा कचरा, पुढे हे दुकान, वास दोन्हीकडे सारखाच. दुकानदार कान कोरत बसलेला, आणि त्याच काडीने मला वस्तू दाखवत होता. किळस आली. पण यंत्र बघितलं आणि किळस गिळली. पिवळं-काळं, साबणाच्या वडीएवढं, पाच बटणं, स्क्रीन काळी-पांढरी. नकाशा नाही. एक बाण, एक घराचं चित्र आणि घर किती लांब ते. बस्स. माणसाला आणखी काय लागतं?

दुकानदार बाहेर फुटपाथवर आला, आकाशाखाली धरलं, एक बटण दाबून ठेवलं आणि म्हणाला, हे बघा बाई, घर सेव्ह झालं. आता कुठेही जा, बाण घराकडे. तुमच्या घरी पोचलात की बाहेर उभं राहून पुन्हा एकदा दाबा.

मी मान हलवली. आता सेव्ह झालेलं पुन्हा कशाला सेव्ह करायचं? बटण झिजतं. अशा लोकांमुळेच वस्तू लवकर खराब होतात.

घासाघीस करून निम्म्यावर आणलं. माल परत घेणार नाही म्हणाला. म्हटलं, परत कोण येतंय तुमच्याकडे!

११ नोव्हेंबर, मंगळवार.

स्वयंपाकघरात लावून बघितलं. उपग्रह शोधतोय, उपग्रह शोधतोय, एवढंच म्हणत राहिलं. भात झाला तरी शोधतंय. मग गच्चीवर नेलं तेव्हा लागलं. बाण कपडे वाळत घालायच्या दोरीकडे, आणि घर तीन किलोमीटरवर.

क्षणभर विचारात पडले, कारण मी घरावरच उभी होते. मग लक्षात आलं. उपग्रह किती लांब! तिथून मोजताना तीन किलोमीटर इकडेतिकडे व्हायचेच. आकाशाच्या मानाने तीन किलोमीटर म्हणजे काय? काहीच नाही. जाऊबाईला हे समजलं नसतं.

यांना दाखवायला चार हाका मारल्या. नेहमीप्रमाणे ऐकू आलं नाही. खाली गेले तर हे पेपरात तोंड घालून. बघू, म्हणून हात पुढे केला. हाताला शेंगदाण्याची टरफलं. दिलं नाही. लांबूनच दाखवलं. हे म्हणाले, छान आहे, पण हे घर कुठलं दाखवतंय? म्हटलं, आपलंच, दुसरं कुठलं आहे आपल्याला? गप्प बसले. यांना गप्प बसवणं सोपं आहे.

स्क्रीनवरचं पातळ प्लास्टिक काढायचं नाही असं ठरवलं. अक्षरं थोडी धुरकट दिसतात, पण स्क्रीन नवी राहते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज एक गोष्ट ध्यानात आली आणि आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं. यंत्रात दुकानदाराने घातलेले दोन नवेकोरे सेल नुसते पडून आहेत. भिंतीवरचं घड्याळ मात्र दम लागल्यासारखं चालतंय. तेव्हा नवे सेल घड्याळात घातले, घड्याळातले यंत्रात. यंत्राला आठवड्यातून एक दिवस काम. घड्याळ बिचारं रोज राबतं.

यांना सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांनाही कौतुक वाटलं असावं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.

उद्या मी स्वतः डोंगरावर जाणार. पुरुषांच्या हातात यंत्र द्यायला ते काय रिमोट आहे? चाचणी नीट झाली तर यांचा डोंगर सुरू राहील, नाहीतर लेक बूट टाकणार. हे जेवताना एकदाच म्हणाले, उद्या काही गडबड नको व्हायला. आमटी तशीच ठेवली ताटात. म्हटलं, मी असताना?

प्रार्थनेहून उठले तर हे स्टुलावर, घड्याळापाशी. काय करताय विचारलं. म्हणाले, जळमट काढतोय. लग्नानंतर प्रथमच यांना जळमट दिसलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ. पाय गरम पाण्यात.

डोंगर ही अत्यंत घाणेरडी जागा आहे. वर धूळ, खाली शेण, मधे कंपाउंडर. तो चढताना ढेकर देतो आणि दर ढेकरेला म्हणतो, वहिनी, हवा बघा कशी शुद्ध आहे. वर पोचलो. बघायला काही नव्हतं, लांबवर नुसतं दिसत होतं. हे मात्र दगडावर बसून असे हसत होते, जसे साखरपुड्याच्या फोटोत आहेत. तसं तोंड मी घरात पाहिलेलं नाही. उन्हामुळे असेल.

उतरताना दोन वाटा फुटल्या. हे म्हणाले डावीकडे, खाली बस मिळते. कंपाउंडरही डावीकडे. मी यंत्र काढलं. बाण उजवीकडे, अगदी ठाम. आणि काय झकास चालत होतं! घड्याळातले जुने सेल, तरी बॅटरी पूर्ण भरलेली दाखवत होतं. म्हटलं बघा, उगाच नवे वाया घालवणार होतात.

हे म्हणाले, अगं ऐक, मी या वाटेने कितीदा उतरलोय. म्हटलं, आणि हरवलातही कितीदा! पैसे यंत्राला मोजलेत, तुमच्या आठवणीला नाही. आणि मी उजवीकडे निघाले. कंपाउंडर म्हणाला, वहिनी, तिकडे जुना बाजार येतो हो. मी मागे बघितलं नाही. तो डावीकडे गेला. हे माझ्या मागे आले. का आले विचारलं नाही. वाट त्यांनाच माहीत नसावी.

मग काटे. मग दगडाची खाण. मग एक नाला, त्यातलं पाणी कुठल्या रंगाचं होतं ते लिहीत नाही, रोजनिशी देवघरात ठेवते. पदर फाटला. एक चप्पल तिथेच. हे मागून एवढंच म्हणत होते, जपून, इथे निसरडं आहे. यंत्र म्हणत होतं घर जवळ आलं. मीही म्हटलं, आलंच. मग गावभरच्या कचऱ्याचा ढीग आला, त्यावर कुत्री, आणि आमच्याकडे बघून तीही बाजूला झाली. ढीग ओलांडला. यंत्र पिंपिं वाजलं. घर आलं.

समोर बंद शटर. सेकंडहँड वस्तूंचं दुकान. रविवारी सुट्टी.

मी यंत्राकडे बघितलं. स्क्रीनवर घराचं चित्र लुकलुकत होतं. हे पायरीवर बसले. स्वतःच्या बुटांतले मोजे काढून मला दिले आणि रिक्षा बघायला गेले. मोजे ओले होते. शी. घातले.

घरी पोचतोय तर फोन वाजतोय. कंपाउंडर बस स्टॉपवर वाट बघून घाबरला आणि लेकीला कळवून मोकळा झाला. यांनी फोन घेतला. म्हणाले, हो, वाट चुकली, माझीच चूक, आईची काही नाही. पलीकडून लेकीचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. बूट, बूट, एवढंच कळत होतं. हे दाराशी काढून ठेवलेल्या बुटांकडे बघत हो हो म्हणत होते.

मी फोन ओढून घेतला. म्हटलं, कोणी हरवलेलं नाही. मला बाजारात काम होतं, मीच यांना त्या वाटेने नेलं, आणि यंत्राने सांगितल्या जागी अचूक सोडलं. फुटपाथसुद्धा चुकला नाही. तुझे बाबा वाट बरोबर सांगत होते, मीच ऐकलं नाही. बुटांना हात लावायचा नाही, कालच धुतलेत.

 लेक म्हणाली, आई, तू घर कुठे सेव्ह केलं होतंस?

म्हटलं, रेंज नाहीये. ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

भिंतीवरचं घड्याळ बंद! शनिवारी संध्याकाळपासून, नवेकोरे सेल घालूनही. नकली निघाले. दुकानदाराचं तोंड बघण्याची इच्छा नाही, म्हणून यांना पाठवलं. यंत्र परत घेतो का विचारा म्हटलं. हवं तर निम्म्याचंही निम्मं.

हे यंत्र घेऊनच परत आले. दारात, आकाशाखाली उभं राहून कुठलंतरी बटण दाबत होते. झिजतंय म्हटलं तरी दाबलं. आता म्हणे दर रविवारी यंत्र त्यांच्या खिशात. राहू दे. मला काय करायचंय? मी पुन्हा त्या डोंगरावर पाऊल ठेवणार नाही. अर्थात यांच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं. कंपाउंडर उपयोगाचा नाही. माझ्या मापाचे बूट कितीला पडतात तेवढं विचारून ठेवायला हवं. सेकंडहँड चालतील.

दुकानदाराकडून यांनी एक शिट्टीही आणली आहे. प्लास्टिकची, दोऱ्यात ओवलेली. सेल लागत नाहीत, किंमत सांगण्यासारखी नाही. हे म्हणाले, ही तुला, गळ्यात घाल, हरवलीस तर वाजव. मी हरवले! मी!

कोणाच्या तोंडात गेली असेल कोण जाणे. गरम पाण्यात साबण घालून उकळली. आवाज भिकार आहे. स्वयंपाकघरात दोनदा वाजवून पाहिली.

दोन्ही वेळा हे आले.