पंपात शेणकाला

१० मार्च, मंगळवार
तोंडी बोललेलं या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी कुणी कबूल करत नाही, म्हणून लिहून ठेवते. बाळंतीण कक्षासाठी आज हीट पंप बसवला. आंघोळीचं पाणी तापवणार, त्याच वेळी कक्ष गार करणार. शुक्रवारपर्यंत चाचणी. मेट्रन म्हणून मी सही केली तर राहील, नाही तर दुसऱ्या गावी जाईल. मला तो हवाच आहे. लाकडावर पेटणाऱ्या बंबाचा धूर तान्ह्यांच्या नाकात जाताना अठ्ठावीस वर्षं बघते आहे.
इंजिनिअर देशमाने म्हणाले, आत सोड्यातलाच वायू. जुन्या एसीतल्या गॅससारखा हवेला घातक नाही. बंब सांभाळणारे दगडूमामा: "सोडा हाय व्हय? मग ढेकरा देईल की!"

११ मार्च
पाणी कढत. कक्ष गार. माकणी गावच्या एका सासूबाईंनी बाळंतीण सुनेला दोन गोधड्यांत गुंडाळलं. "बाळंतिणीला गार वारं? लई शिकलेली मानसं तुमी!" गारवा दोन अंश कमी करून घेतला. एक गोधडी उतरली.

१२ मार्च
पहाटे लाईट गेली. आली, तरी पंप गप्प. सहा बाळंतिणी खोळंबलेल्या. मी पोचले तर पंख्याची जाळी हिरवीगार आणि दगडूमामांच्या हातात रिकामी बादली.
"काय ओतलंत?"
"शेणकाला, शिस्टर. पंपानं हवा धरली व्हती."
"विहिरीवरचा आहे का हा?"
"समदे पंपच म्हंत्यात की. आमच्या बेंबळी गावात हिरीवरच्या मोटारीला ह्योच विलाज."
देशमान्यांना फोन लावला. म्हणाले, लाईट आल्यावर दहा मिनिटांनी तो आपोआप सुरू होतो, पुस्तकात लिहिलंय. पुस्तक इंग्रजीत!
बंब पेटवला. धूर, खोकला.

१३ मार्च, शुक्रवार
देशमान्यांनी जाळी धुतली. पंप सुरू, पाणी गरम. सही मागितली. म्हटलं, आधी लाईट जाऊन येऊ दे, मग बघू. चाचणी सोमवारपर्यंत वाढवली.
मराठीत पाटी लिहिली : हा विहिरीचा पंप नाही. लाईट आल्यावर दहा मिनिटं थांबावे. काहीही ओतू नये.
दगडूमामांनी मोठ्यानं वाचली. "गोमूत्र बी न्हाय?"

देशमान्यांकडून मिळालं : पंपाची किल्ली एक, पुस्तक एक.
दगडूमामांना दिली : तीच किल्ली. पंपाला बंबाएवढंच जपतील.
त्यांच्याकडून घेतली : बादली एक. माझ्या कपाटात, कुलपात.
बंब जागेवरच आहे. सहीची जागा कोरी.