तारेचं टोक

कुंडल,
चैत्र, १९४६

प्रिय तात्याबा,

रामराम. पाच वर्षांत माझी एक चिठ्ठी नाही आणि आज एकदम एवढं लांबलचक पत्र, म्हणजे जोतीरामाला काहीतरी हवं असणार, हे तू ओळखलंच असशील. हवं आहे. अर्जुना लढाईवरून परत आलाय. हातपाय धड आहेत, अंगावर ओरखडा नाही, पण तो बोलत नाही. शिमग्याला आला तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसतो. आधी अर्धी भाकरी तरी खायचा. आज सहावा दिवस, दुधाच्या दोन घोटांपलीकडे पोटात काही नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली आणि शरीरात दोष नाही म्हणून सांगून मोकळे झाले. रंगू, आईच ती, त्याच्या उशाशी बसून असते आणि मधूनच माझ्याकडे बघते. बाप आहात, काहीतरी करा, असं ते बघणं. मी काय करू तात्याबा? पोरगं डोळ्यांदेखत चाललंय.

तुला वाचता येत नाही, तेव्हा हे शाळेचे मास्तरच वाचून दाखवत असतील. मास्तर, पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तात्याबा, गुंडा शाहिराच्या फडात तू पहिल्यांदा आलास तो दिवस मला आठवतो. आटपाडीची मेंढरं भावावर सोपवून आलेला, खांद्यावर घोंगडी आणि काखेत ते केवढं तरी तुणतुणं. मला हसूच फुटलं. माझं तुणतुणं वडिलांच्या धान्याच्या लाकडी मापातून केलेलं, तुझं म्हणजे अख्खी घागर. पण तू तार छेडलीस आणि आवाज माझ्या पायाखालून आल्यासारखा वाटला, तेव्हा माझं हसू जिरलं. शेले शाहिराला मिळायचे, नाव डफवाल्याचं व्हायचं. आपण दोघं मागं उभे राहून तासन्‌तास एकच तार छेडत राहायचो, आणि ओळ संपली की जीऽ जीऽ करायचो. लोकांना तुणतुणं ऐकूच यायचं नाही. बंद पडलं तरच कळायचं. म्हणून आपणच एकमेकांचं ऐकायचो. तू माझी तार चिमटीत धरून म्हणालास, ‘गड्या, ही लय बारीक हाय, मिरजेची पितळी घे की.’ मी तुला बापाच्या मापाची गोष्ट सांगितली, तू मला चंद्रीची. ती शेळी साप चावून मेली, तू दोन दिवस जेवला नाहीस आणि मग तिचंच कातडं तुणतुण्याला मढवलंस. ‘मेली न्हाई ती, बोलतीया बघ,’ म्हणायचास. पावसाळी हवेत कातडं सैल पडलं की भामावहिनी तव्यावरची भाकरी बाजूला सारून तुझं तुणतुणं चुलीपुढं शेकू द्यायच्या. तुझी भाकरी मात्र करपायची.

अर्जुनाला दात येत होते तेव्हा तो घर डोक्यावर घ्यायचा. तू त्याला मांडीवर घेऊन त्याचा कान कातड्याजवळ टेकवायचास आणि एका बोटानं हळू तार छेडायचास. पोरगं गप्प. तेच मी माझं वाजवलं की पुन्हा भोकाड. तुम्ही सगळे हसायचात, मीही हसायचो. पण मला ते लागायचं, हे आज सांगतो.

मग ती कवठे महांकाळची यात्रा. शाहिरानं फर्मान काढलं, सामन्याला एकच तुणतुणं, तात्याबाचं. जोतीराम झांज धरील. देवीचं नमन सुरू झालं, तू दोनतीनदाच तार छेडली असशील आणि ती तटकन तुटली. समोरच्या फडानं टाळ्या पिटल्या. तू त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, देवळाकडे बघत राहिलास. भामावहिनी तेव्हा घरी अंथरुणाला खिळल्या होत्या. बाराव्या दिवशी त्या गेल्या. ‘देवीला माजी सेवा नकू झाली, तिनं तार तोडून सांगितलं,’ असं म्हणून तू तुणतुणं घोंगडीत बांधून आढ्याला टांगलंस. मी मातीला आलो होतो. तुझ्या शेजारी बसून रडलो. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं मान.

पुढच्या वर्षी पलटणीत जाताना अर्जुना तुझ्या पाया पडायला आला, तेव्हा मीही सोबत होतो. ‘तात्या, एकदा वाजवा की,’ म्हणाला. तू म्हणालास, ‘देवीनं तोडल्याली तार हाय लेकरा, मी कशी जोडू?’ तो हिरमुसला होऊन निघाला. मी चपला घालत उभा होतो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

परवा न राहवून मी माझं तुणतुणं काढलं आणि अर्जुनापाशी बसून वाजवत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली. रंगूनं माझा दंड घट्ट धरला. दीड महिन्यात पहिल्यांदा पोराच्या तोंडून शब्द आला. म्हणाला, ‘ह्ये न्हवं. तात्यांचं.’ आणि पुन्हा भिंतीकडे वळला. त्यानंतर दूधही घेत नाही.

तू म्हणशील, देवीची मर्जी मोडून मी तार कशी चढवू? तेवढ्यासाठीच हे पत्र. मास्तर, इथं आवाज खाली आणू नका, आणि चारचौघं बसली असतील तर बसू द्या. तात्याबा, तार देवीनं तोडली नाही, मी तोडली. तू विहिरीवर आंघोळीला गेला होतास, तेव्हा खुंटीच्या खाली मी ती कानशीनं निम्मी घासून ठेवली. भर सामन्यात तुझं हसं व्हावं, एवढंच मनात होतं. वहिनी गेल्या आणि मी भ्यालो. देवीनं तुला टाकलं असं समजून तू पाच वर्षं झुरलास आणि मी ते झुरू दिलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. घोंगडी सोड आणि तारेचं टोक उन्हात धरून बघ. आपसूक तुटलेली तार कशी असते हे तुला मी काय सांगणार? हिच्यावर निम्म्यापर्यंत कानशीचे ओरखडे दिसतील. शेजारचा सिद्धू आटपाडीच्या बाजाराला निघालाय, त्याच्यापाशी पत्रासोबत पितळी तार दिली आहे. यात्रेहून परतताना मिरजेत घेतली होती, तुला द्यायची हिंमत झाली नाही. सिद्धूच्याच गाडीतून ये. माझ्या घरचं पाणी पिऊ नकोस. माझं तोंड बघायचं नसेल तर तू असेपर्यंत मी मळ्यातच राहीन, घराकडे फिरकणार नाही. मला जन्मभर शिव्या दे, पण आधी येऊन त्याचा कान कातड्याला टेकव.

तुझाच म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझाच,
जोतीराम