दोन बोटं माती

रविवार, ९ मार्च

दादा,

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळे बरे आहेत. फोनवर तू "हं" आणि "बरं"च्या पुढे जात नाहीस आणि मी हवापाण्याच्या, म्हणून लिहायला बसले. वहिनीचा गुडघा कसा आहे? ती सांगत होती, तू आता बसमध्येसुद्धा सगळ्यात मागे बसतोस.

माझं काम तेच. नव्या गाडीचा पूर्ण आकाराचा मातीचा नमुना चालू आहे. मेण मिसळलेली माती भट्टीत मऊ करायची, हाताने थापायची, पात्याने खरवडायची. तू एकदा बघायला आलास तेव्हा दार उघडायला गेला होतास आणि सगळे हसले होते. नमुना आतून भरीव असतो. चौदा वर्षं मी गाड्या बाहेरूनच घडवल्या. आत बसून बघायची वेळ कधी आली नाही.

मंगळवारी आली. सुरक्षा विभागात एक नवीन बाई आल्या आहेत. पोरं त्यांना अपघातमावशी म्हणतात. त्यांनी लाकडी सांगाडा करून घेतला. सीट, स्टिअरिंग आणि समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, एवढंच. मला म्हणाल्या, "तुझंच काम आहे ना? मग बस आणि बघ." मी बसले. समोर झाडूवाले काका हॉल झाडत चालले होते. खांबापाशी आले आणि दिसेनासे झाले. झाडूचा आवाज येत होता. मी मान पुढे काढली तेव्हा दिसले.

मावशींनी समजावलं, की गाडी वळत असली आणि सायकलवाला तिच्या वळण्याच्या बेतानेच पुढे सरकत असला, तर तो शेवटपर्यंत खांबामागेच राहू शकतो.

मी बराच वेळ उतरले नाही.

तुझ्या गाडीचे खांबही मीच घडवले होते. हे तुला माहीत आहे. कौतुकाने तीच गाडी तुला घ्यायला लावली. पुढचं माहीत नसेल. गाडी उलटवायच्या चाचणीत टप दबला, म्हणून खांब जाड करायचं ठरलं. मी दोन बोटं माती चढवली. साहेबांना ते बोजड वाटले. मग मी कड अशी वळवली की बाहेरून बारीक दिसावेत. आतून जाडी तेवढीच. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या वळणावर त्या शिक्षिका तुझ्या गाडीच्या धक्क्याने सायकलवरून पडल्या, पाय मोडला. तू एकच सांगत राहिलास, "मला दिसल्याच नाहीत." सगळ्या घरासमोर मी म्हणाले, "चांगली जितीजागती बाई दिसत नाही म्हणजे काय, दादा?" तू किल्ली टेबलावर ठेवलीस. परत उचलली नाहीस.

त्या वेळी खांब माझ्या डोक्यात आला नव्हता, असं लिहिणार होते. आला होता. म्हणूनच आवाज चढला.

तुझी काहीच चूक नव्हती असं म्हणत नाही. वळताना मान पुढे काढायला हवी होती. पण तू खोटं बोलला नव्हतास, आणि आपल्याच घरात खोटं पकडल्यासारखा वावरलास.

शुक्रवारी मी लेखी दिलं. नव्या गाडीचे खांब बारीक हवेत, त्यासाठी आतलं पोलाद बदला. जुन्या गाडीची पुन्हा तपासणी करा. कड का वळवली तेही लिहिलं, खाली सही केली. साहेब बोलत नाहीत. मावशी मात्र न चुकता चहाला हाक मारतात. प्रत सोबत आहे, वहिनीला वाचून दाखव. त्या शिक्षिकांकडे बुधवारी मी स्वतः जाते आहे.

माफी पत्रात मागत नाही. कागदावर मागितली तर तू वाचता वाचताच देऊन टाकशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पुढच्या रविवारी येते. समोर बसेन. तीन वर्षांचं जे साचलं असेल ते बोल. मध्ये तोंड उघडणार नाही.

तुझं खरं असावं हे ओळखूनही गप्प राहिलेली,
तुझी धाकटी