पाय कसा दिसत होता

अर्जुनी मोरगाव,
९ डिसेंबर २०२४

आदरणीय नूतन मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. मी कॉलेजला का येत नाही, असं तुम्ही विचारत होतात म्हणे. ताप वगैरे काही नाही. धानाची मळणी चालू आहे, पण तेही कारण नाही. फोनवर लिहिलं असतं, तर फोन सदा भूपेंद्रदादाच्या खिशात. म्हणून हे पत्र आपल्या वर्गातल्या दिव्याच्या हाती देते आहे.

तुम्ही तपासून दिलेला ‘माझी ताई’ हा निबंध मिळाला. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तुम्ही त्यावर एवढी मेहनत घेतलीत. पहिलंच वाक्य, ‘माझ्या ताईला साप चावला आणि ती गेली.’ त्याखाली तुमची लाल रेघ आहे. बाजूला लिहिलंय, ‘ही तर बातमी झाली, दामिनी. वाचणाऱ्याला तिथे उभं कर. साप कसा होता? पाय कसा दिसत होता? वास कशाचा? तू होतीस ना तिथे?’

होते ना मॅडम. तीच तर अडचण आहे.

बाकीचा निबंध तुम्हाला आवडला. खुशबूताई चुलीत वांगं भाजायची तो वास, अंगण सारवताना तिचं गुणगुणणं, बांगड्या भरताना आरडाओरडा करणं. ते लिहिताना पेन थांबलाच नाही. सुरुवात मात्र काही केल्या बसेना. साप काळा लिहिला, मग पट्टेरी लिहिला. धानाच्या बांधीत चावला लिहिलं, मग गोठ्यात चावला लिहिलं. ओल्या तणसाचा वास घातला. वाचून बघितलं तर कुणा भलतीचीच ताई वाटायला लागली. तुम्ही वर्गात सांगता, जे पाहिलं, हुंगलं तेच लिहा. आमच्याकडे त्याचीच चोरी आहे.

पाय नेहमीसारखाच होता, मॅडम. टाचेला भेगा, बोटांत जोडवी. मी दोन्ही पाय हातात घेऊन पाहिले. सूज नाही, दाताची खूण नाही. आम्ही कामठ्याला तिच्या सासरी पोहोचलो तेव्हा तिला तोंड पुसून अंगणात निजवलं होतं. केस पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी वाकले तर केसांना धानावर फवारायच्या औषधाचा वास येत होता.

ताईचे नवरे ओमेशभाऊजी दादाला गोठ्यामागे घेऊन गेले. परत आल्यावर दादा माझ्या दंडाला धरून म्हणाला, “सापच चावला, समजली? तोंड उघडशीन तं आचल पुन्हा दिसनार नाही.” आचल म्हणजे ताईची पाच वर्षांची मुलगी. दुपार कलायच्या आत सगळं उरकलं. डॉक्टर नाही, पोलीस नाही.

त्याआधी पोळ्याला ताई माहेरी आली होती. तिच्या पाठीवरचे वळ आईने बघितले, मीही बघितले. चार दिवसांनी दादा तिला सासरी सोडून आला. आता दादा जेवायला बसतो आणि ताट तसंच सरकवून उठतो. मला त्याचा राग येतो, कीवही येते.

परवा आचलला बघायला गेले होते. तिची आजी पाण्याला गेली तशी ती मला बिलगली आणि कानात म्हणाली, “मावशी, आईले साप नाही चावला. तिनं फवाऱ्याचं औषध पेलं. मी पाह्यलं ना.” मी म्हटलं, हे कुणाला सांगितलंस? “आजीले. आजी म्हणते, साप म्हन. नाही म्हटलं का चटका देते.” मग तिने फ्रॉकच्या आड धरलेला डावा हात उघडून दाखवला.

जिच्यासाठी आम्ही घरभर गप्प बसलो, तिचाच हात भाजतो आहे. मला स्वतःची लाज वाटली, मॅडम. तिला तिथेच सोडून मी परत आले, याची तर फारच.

निबंध स्पर्धेला पाठवू नका. उद्या सकाळच्या पॅसेंजरने मी गोंदियाला पोलिसांत जाते आहे. घरी सांगितलेलं नाही. परत आल्यावर दादा दार उघडेल असं वाटत नाही. तिथे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल आणि माझी वाचा बसेल अशी भीती वाटते. तुम्ही काही बोलू नका, नुसत्या शेजारी बसा. येणं जमत असेल तर स्टेशनवर या. तुमची वाट बघत मी गाडी चुकवणार नाही.

खुशबूची बहीण,
दामिनी